पाच छोटे आनंद, फोटोसह

शिवलकर मॅडमना आनंद नव्हता असं नाही. होता. रोजचा होता आणि वेळेवर यायचा. पण तो फॉर्मात भरून शनिवारपर्यंत ऑफिसात द्या, असं परिपत्रक निघालं तेव्हा त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

परिपत्रकाचे शब्द असे: 'सर्व प्राध्यापकांनी आपल्या दैनंदिन जीवनातील पाच (५) छोटे आनंद सोबतच्या नमुन्यात नोंदवावेत. प्रत्येक आनंदाचा जिओटॅग फोटो जोडणे अनिवार्य आहे. आनंद मागील एका वर्षातील असावा.' खाली प्राचार्यांची सही, आणि सहीशेजारी छापलेला एक पिवळा हसरा चेहरा.

मॅडमनी ते तीनदा वाचलं. बावीस वर्षं रत्नागिरीत मराठी साहित्य शिकवतात त्या. परिपत्रकांवर रागावणं त्यांना नवं नव्हतं, पण त्या हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्या डोक्यात तिडीक गेली. पटावर एकशे बारा मुलं, वर्गात नऊ, त्या नवांतली दोन भूगोलाचा तास समजून आलेली, पुस्तक कुणाकडेच नाही, आणि हे म्हणतात आनंद मोजून द्या, पाच नग.

"सोपं आहे मॅडम," विनीत सर म्हणाले. विनीत सर कॉमर्सचे. वय तिशीच्या आत, इस्त्रीचा शर्ट, आणि गेल्याच आठवड्यात त्यांची 'आनंद समन्वयक' म्हणून नेमणूक झालेली. "डिसेंबरात मूल्यांकन समिती येतेय. कर्मचाऱ्यांचं समाधान हा नवा निकष आहे. वीस गुण आहेत त्याला."

"आणि मी समाधानी नसले तर?"

विनीत सर मनापासून काळजीत पडले. "मग फोटो कसला काढणार तुम्ही?" त्यांनी विचारलं.

आता मॅडमचा खरा आनंद काय होता ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावरूनच झालं.

कॉलेजच्या लायब्ररीमागे जांभ्या दगडाचा एक कट्टा आहे. कट्ट्यामागे गडगा, म्हणजे चिरे रचून केलेलं कुंपण, आणि त्या गडग्याला कुठल्याशा पावसाळ्यात पडलेलं खिंडार. रोज दहा पन्नासला त्या खिंडारातून आधी माशांची पाटी आत यायची आणि मग गंगुबाई. जेटीवरून मासे घेऊन ती पलीकडच्या कॉलनीत विकायला निघालेली असायची. रस्त्यानं गेलं तर मोठा वळसा, कॉलेजातून आडवं गेलं तर पाच मिनिटं. गुडघे बोलायला लागले की ती कट्ट्यावर टेकायची. मॅडमना दहा पन्नास ते अकरा दहा सुट्टी. सहा वर्षांपूर्वी पहिल्या दिवशी दोघी गप्प बसल्या होत्या, म्हणजे अर्धं मिनिट. मग गंगुबाईनं विचारलं, "काय गो बाय, कोनावर तापलीस?" मॅडमनी सांगितलं. तेव्हापासून ते चालू होतं.

त्या वीस मिनिटांची पद्धत ठरलेली होती. दहा मिनिटं गंगुबाई सुनेवर, बर्फवाल्यावर आणि अर्धा तास घासाघीस करून शेवटी दोनच बांगडे घेणाऱ्या कॉलनीतल्या बायकांवर रागवायची. दहा मिनिटं मॅडम प्राचार्यांवर, परीक्षा विभागावर आणि घरी टॉवेल पलंगावर टाकणाऱ्या नवऱ्यावर. एकीचं चालू असताना दुसरीनं फक्त "मेला तो" किंवा "मेली ती" एवढंच म्हणायचं. सल्ला द्यायचा नाही. त्यांचीही काही बाजू असेल, असं तर म्हणायचंच नाही. एकदा मॅडम चुकून बोलून गेल्या की सुनेलाही नोकरी करून घर सांभाळावं लागतं. गंगुबाईनं पाटी उचलली ती दोन दिवस आली नाही.

सोमवारी आणि गुरुवारी मासे खपत नाहीत म्हणून गंगुबाई त्या दिवशी यायची नाही. वर्गातल्या नऊ मुलांनाही एवढं कळलं होतं की मॅडमकडे प्रोजेक्टवर सही मागायला मंगळवारी जावं, तेही अकरा दहानंतर. त्या वेळी मॅडम मऊ असायच्या. कधी कधी एखादी कविता अशी शिकवायच्या की भूगोलाची दोन मुलंही बसून राहायची.

तर हा आनंद. हा लिहायचा कसा? 'मी रोज वीस मिनिटं प्राचार्यांना शिव्या घालते, सोबत एक कोळीण असते' असं? मॅडमनी पाचही चौकटींत 'काही नाही' लिहून फॉर्म दिला. दुपारी परत आला. वर शेरा: 'कृपया सकारात्मक उत्तर द्यावे.'

घरी नवऱ्याला सांगितलं. नितेश शिवलकर मिरजोळ्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात आणि जगातली प्रत्येक गोष्ट मालाच्या आवकजावकीसारखी बघतात. "लिहून टाक ना काहीतरी," ते म्हणाले. "फॉर्म भरायचा असतो. खरा असतो का कधी?" शेजारच्या सावित्री वहिनींना बोलावणं लागत नाही, त्या आल्याच. त्या सकाळी बागेत जाऊन हात वर करून मोठमोठ्यानं हसतात. त्यांनी आपणहून पाच आनंद सुचवले: चहा, चिमणी, जास्वंद, सूर्योदय आणि नातवंडं.

"मला नातवंडं नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"माझी घ्या. फोटो पाठवते."

शेवटी मॅडमनी चहाचा फोटो काढला. स्वतःच्या फोनमध्ये जागा नव्हती म्हणून नितेशच्या फोनवरून. त्या फोनचं काय बिनसलं होतं देव जाणे, फोटोखाली ठिकाण उमटलं 'मिरजोळे औद्योगिक वसाहत' आणि वेळ दुपारी बाराची. विनीत सरांनी फॉर्म पुन्हा परत केला. 'प्राध्यापकांचा आनंद कार्यालयीन वेळेत औद्योगिक वसाहतीत आढळला. खुलासा करावा.'

इथे मॅडमचं डोकं फिरलं. शनिवारी दुपारी चार वाजता लायब्ररीत बसून त्यांनी फॉर्म ओढला आणि निव्वळ रागाच्या भरात लिहायला घेतलं. आणि हीच चूक झाली. दुसऱ्या कुणी रागाच्या भरात वाईट लिहिलं असतं. मराठीच्या बाईंना वाईट लिहिता येईना. 'तिच्या पाटीत समुद्र असतो आणि माझ्या ओंजळीत शब्द. आम्ही बोलत नाही. मौनाच्या त्या वीस मिनिटांत दोन स्त्रिया एकमेकींना वाचत असतात.' विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मॅडमनीच लाल पेनानं खोडून काढलं असतं. पण राग चढलेला होता, हात थांबेना. एकच आनंद पाच चौकटींत कापून बसवला आणि आदल्या दिवशी, लागलाच तर असावा म्हणून, फोनमध्ये जागा करून काढलेला गंगुबाईचा फोटो जोडला. फोटो काढताना गंगुबाईनं पदर सारखा करून विचारलं होतं, "कशाला गो?" मॅडम म्हणाल्या होत्या, "कॉलेजच्या कामाला."

सोमवारी स्टाफ मीटिंग होती. प्राचार्यांनी चष्मा लावला आणि तो मजकूर पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवला. 'एकमेकींना वाचत असतात' पाशी त्यांचा आवाज कापरा झाला. टाळ्या पडल्या. भौतिकशास्त्राचे सर, जे बावीस वर्षांत मॅडमशी फक्त पंख्याच्या स्पीडबद्दल बोलले होते, ते येऊन "काळजाला भिडलं" म्हणून गेले.

मॅडमनी तेव्हाच उठून सांगायला हवं होतं की हे सगळं खोटं आहे. सांगितलं नाही. का, तर बावीस वर्षांत त्यांनी लिहिलेलं काहीही त्या इमारतीत कुणी शेवटपर्यंत वाचलं नव्हतं. त्यांना बरं वाटलं. त्या खाली बघून हसल्यासुद्धा, आणि पुढचे तीन आठवडे त्या हसण्याबद्दल स्वतःला बोल लावत राहिल्या.

प्राचार्यांनी तिथल्या तिथे हा कॉलेजचा 'उत्तम उपक्रम' म्हणून जाहीर केला. उपक्रम म्हटलं की समिती आली. समिती म्हटलं की खर्चाची मंजुरी, आणि मंजुरी मिळाली की काहीतरी रंगवायलाच लागतं. कट्ट्याला पोपटी रंग लागला. वर पाटी आली, 'आनंदकट्टा'. शेजारी वही आली, बसताना आणि उठताना सही करायची. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सगळेच प्राध्यापक एका वेळी आनंद घेऊ शकत नाहीत, म्हणून वेळापत्रक लागलं.

शिवलकर मॅडमच्या वाट्याला गुरुवार आला, दुपारी तीन चाळीस.

"कट्टा माझा आहे," मॅडम विनीत सरांना म्हणाल्या. आवाज इतका चढला होता की शिपाई शिवा दारात येऊन उभा राहिला.

"संकल्पना तुमचीच आहे मॅडम," विनीत सर म्हणाले. "वेळापत्रकाच्या खाली तुमचं नाव दिलंय ना आभारात."

हे एवढ्यावर थांबतं तर मॅडमनी दात-ओठ खाऊन सोसलं असतं. पण उपक्रमाच्या समितीतल्या लोकांना गडग्यातलं खिंडार दिसलं. उपक्रमाच्या जागी सुरक्षा हवी म्हणून एका कंत्राटदारानं येऊन चिरे लावून ते बुजवलं. आणि कॉलेजच्या फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर गंगुबाईचा फोटो, पदर सारखा केलेला, खाली मोठ्या अक्षरांत 'मौनातून संवाद' आणि त्याखाली बारीक अक्षरांत मॅडमचा सगळा मजकूर.

ज्या बाईचा फोटो फाटकावर लागला, तिलाच फाटकातून आत सोडेनात. रखवालदारानं ओळखपत्र मागितलं. ते नव्हतं. मग पाटीत काय आहे विचारलं. मांदेली होती. आवारात मासे आणायला मनाई आहे, असं त्यानं सांगितलं, अगदी फ्लेक्सखाली उभं राहून.

मॅडमना हे शिवाकडून कळलं. त्या दिवसापासून गंगुबाई आली नाही.

दहा दिवस गेले. मॅडमचा राग साठत चालला. दहा पन्नासला त्या खिडकीतून बघायच्या, तर कट्ट्यावर गणिताच्या बाई डोळे मिटून बसलेल्या आणि विनीत सर त्यांचा फोटो काढताहेत. मॅडमनी वर्गातल्या नऊ मुलांना झापलं. त्यांतली चार यायची बंद झाली. रिक्षावाल्याला झापलं. नितेशना टॉवेलवरून असं काही बोलल्या की ते दोन दिवस टॉवेल हातात घेऊन घरभर फिरत होते, कुठे ठेवावा कळेना म्हणून. सावित्री वहिनी म्हणाल्या, "बागेत या, हसा, राग जातो." मॅडमनी त्यांच्याकडे असं पाहिलं की वहिनी तेव्हापासून जिन्यात पावलं न वाजवता जातात. आणि इतकं करूनही बरं वाटेना. चुकीच्या माणसांवर रागावून बरं वाटत नाही, उलट नंतर आणखी राग येतो, स्वतःचाच.

रविवारी सकाळी त्या जेटीवर गेल्या. गंगुबाई लिलावात घेतलेले बांगडे पाटीत भरत होती. मान वर केली नाही.

"गंगुबाई, अहो वाट बुजवली त्यांनी, मी काही..."

"वाटेचं सोड," गंगुबाई म्हणाली. "वाट काय, मी रस्त्यान जाते. गुडघं दुखतत, दुखूंदे. तू काय लिवलंस माझ्यावर? माझी नात संस्कृती तुमच्याच कॉलेजात हाय. तिन वाचून दाखवलंन."

मॅडम पाटीपाशी उकिडव्या बसल्या.

"मी गप बसते, असं लिवलंस. सा वर्सं मी तुझ्यासंगती बोलते, घरात कोन ऐकीत नाय ते तुला सांगते, आनि तू लिवलंस मी बोलत नाय. मंग मी इतकं बोलले ते गेलं खंय?"

मॅडमना राग आला होता खरा, पण तो या वेळी योग्य माणसावर होता आणि ते माणूस त्या स्वतःच होत्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "मला लाज वाटली. खरं लिहायची."

गंगुबाईनं एक बांगडा उचलून पुन्हा ठेवला. "तुमचा तो इस्त्रीवाला आलेला परवा," ती म्हणाली. "बुधवारी ये म्हनाला. नवं लुगडं नेस, पाटी रिकामी आन, तीत फुलं घाल, आनि काय बोलू नको, नुसती बस. साहेब बगायला येनार हायत."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"येते म्हटलं." एवढं बोलून तिनं पाठ फिरवली.

बुधवारी मूल्यांकन समिती आली. तीन माणसं: दोन पुरुष, एक बाई, तिघेही देशावरचे, प्रवासानं आंबलेले. सकाळपासून त्यांना फायली दाखवत होते. साडेदहानंतर प्राचार्य त्यांना कट्ट्याकडे घेऊन आले. मागे विनीत सर, कॅमेरावाला, गणिताच्या बाई, भौतिकशास्त्राचे सर. मॅडमना आधीच कट्ट्यावर बसवलं होतं. पोपटी रंग उन्हानं तापला होता.

गंगुबाई फाटकातून आली. नवं लुगडं नव्हतं. पाटी भरलेली होती, बांगड्यांनी, आणि वास तिच्या आधी पोचला.

"मावशी, फुलं ठरली होती ना," विनीत सर कुजबुजले.

"फुलं कोन खातं?" गंगुबाई म्हणाली आणि कट्ट्यावर टेकली.

समितीचे अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "रोज बसता तशाच बसा. आम्ही फक्त निरीक्षण करणार."

दोघी बसल्या. प्राचार्यांनी हात जोडून डोळे अर्धे मिटले. कुणीतरी मोबाईलवर बासरी लावली. एक मिनिट गेलं. मॅडम समोर बघत होत्या. त्यांना कळत होतं की आणखी एकोणीस मिनिटं असंच गप्प राहिलं तर कॉलेजला वीस गुण मिळतील, प्राचार्य खूश होतील आणि गंगुबाई पाटी उचलून जाईल ती पुन्हा कधीच येणार नाही. शेजारी गंगुबाई दगडासारखी बसली होती. ती काही बोलणार नव्हती. आज पाळी तिची नव्हती.

"गंगुबाई," मॅडम म्हणाल्या, "आमच्या प्राचार्यांनी काय केलंन माहीत आहे?"

गंगुबाईनं मान हळूच वळवली. "काय केलंन मेल्यान?"

आणि मॅडम सुटल्या. पाच नग आनंदांपासून सुरुवात केली. फॉर्म दोनदा परत कसा आला ते सांगितलं, 'खुलासा करावा' सांगितलं. पटावरची एकशे बारा मुलं सांगितली, फायलीत मात्र उपस्थिती पंच्याऐंशी टक्के कशी दाखवलीय तेही सांगितलं. प्राचार्य खोकले. "मेला तो," गंगुबाई म्हणाली. मॅडमनी भाषा विभागाचं कपाट सांगितलं, ज्याची किल्ली चार वर्षं सापडत नाही. गुरुवार तीन चाळीस सांगितला. पोपटी रंग सांगितला. विनीत सरांनी बासरी बंद केली. "आणि सगळ्यात वाईट म्हणजे मी," मॅडम म्हणाल्या. "मी खोटं लिहिलं. या बाई गप्प बसतात म्हणून लिहिलं. या एक क्षण गप्प बसत नाहीत. त्यांचं बोलणं ऐकलं नाही तर मला दिवसभर शिकवता येत नाही. हे लिहायचं सोडून मी समुद्र आणि ओंजळ लिहीत बसले."

"मेली ती," गंगुबाई म्हणाली, आणि तिचा आवाज थोडा उतरला. मग तिनं मांडी सरकवून घेतली. "आता माजं ऐक. तो तुमचा रखवालदार."

तिची दहा मिनिटं मॅडमच्या दहा मिनिटांपेक्षा जोरदार झाली. रखवालदार झाला, फ्लेक्स झाला, आणि मग सून. सुनेपाशी समितीतल्या बाईंनी तोंडाला रुमाल लावला. त्यांचे खांदे हलत होते. अध्यक्षांनी घड्याळ बघायचं सोडून दिलं होतं. अकरा दहाला घंटा झाली तेव्हा गंगुबाईनं पाटी उचलली, बुजवलेल्या खिंडारापाशी गेली आणि चिऱ्यांना हात लावून बघितला. "सिमीट लावलंच नायन मेल्यान," ती म्हणाली. शिवा पुढे झाला, त्यानं खांदा लावला आणि वरचे चार चिरे पलीकडे पडले. अध्यक्षांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

कॉलेजला त्या निकषात वीसपैकी शून्य गुण मिळाले. मॅडमना मेमो मिळाला: 'आपण समितीसमोर असमाधान व्यक्त केल्याबद्दल खुलासा करावा.' आनंदकट्टा उपक्रम बरखास्त झाला. वही गेली, फ्लेक्स उतरला, कट्ट्याचं वेळापत्रक रद्द झालं. प्राचार्यांनी कट्ट्यावर नवी पाटी लावली: 'येथे बसण्यास सक्त मनाई आहे.' त्यामुळे गणिताच्या बाई आणि भौतिकशास्त्राचे सर तिकडे फिरकेनासे झाले. खिंडार पुन्हा बुजवायला मंजुरी लागणार होती आणि आता त्या भिंतीच्या कागदावर सही करायला कुणी तयार नव्हतं.

पंधरा दिवसांनी विनीत सर स्टाफरूममध्ये आले, हातात नव्या फॉर्मांचा गठ्ठा. जरा लांबच उभे राहिले. समितीनं सुचवलं होतं म्हणे, कर्मचाऱ्यांची नाराजी वेळच्या वेळी जाणून घ्या. 'आपल्या तक्रारी खालील नमुन्यात नोंदवाव्यात. जागा अपुरी पडल्यास पुरवणी जोडावी.' मॅडमच्या फॉर्माला त्यांनी आधीच चार पुरवण्या टाचून आणल्या होत्या.

मॅडमनी घड्याळ बघितलं. दहा अठ्ठेचाळीस. सकाळपासून साठलेलं बरंच होतं: तासांचं नवं वेळापत्रक, मेमो, आणि पलंगावर परत दिसलेला टॉवेल. त्यांनी पेन काढलं, पहिल्या ओळीवर 'काही नाही' असं लिहिलं, सही केली आणि चारही पुरवण्या कोऱ्या परत दिल्या.

"काहीच नाही?" विनीत सरांनी विचारलं.

"काही नाही," मॅडम म्हणाल्या. हा फॉर्म मात्र पहिल्या फटक्यात मंजूर झाला. पुढच्या तासाचं पुस्तक टेबलावर तसंच टाकून त्या लायब्ररीच्या मागच्या दारानं बाहेर पडल्या. गडग्यातून पाटी आत येत होती.